पाण्याखाली मासे मोजणारे



आपल्या कर्जत-खालापूरला समुद्र नाही, पण आठवड्यात एकदोनदा मासळी झाली नाही तर घरात कुरबुर सुरू होते. मुंबईच्या धक्क्यावरून नाहीतर उरण-अलिबागकडून बर्फात आलेली मासळी आपण बाजारात बघतो, कल्ले उघडून लाल आहेत का पाहतो, भावावरून हुज्जत घालतो आणि पिशवी घेऊन घरी येतो. पापलेट पूर्वीसारखे मोठे येत नाही, सुरमईचा भाव ऐकून हात मागे येतो, एवढे सगळ्यांच्या लक्षात आले आहे. पण समुद्रात मासा उरला किती, हे कोणाला विचारायचे? भाताचे पीक डोळ्यांना दिसते, कोंबड्या खुराड्यात मोजता येतात. मासा पाण्याखाली, आणि तोही एका जागी न थांबणारा.

सरकारकडे एक मोजणी असते. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था बंदरांवर किती मासळी उतरली याचा दरवर्षी अंदाज काढते. २०१९ साली महाराष्ट्रात सुमारे २ लाख १ हजार टन मासळी उतरली. तो ४५ वर्षांतला नीचांक होता. आदल्या वर्षी हाच आकडा ३ लाख टनांच्या जवळ होता. त्या वर्षीच्या वादळांनी बोटी किनाऱ्याला बसून राहिल्या, हेही त्याचे एक कारण होते. पण मुद्दा असा की ही मोजणी मेलेल्या माशांची आहे. जाळ्यात किती आले ते कळते, पाण्यात किती राहिले ते कळत नाही. बोटी वाढवल्या, जाळ्याचा आस बारीक केला, तर समुद्र रिकामा होत असतानाही काही वर्षे आकडा चांगला दिसू शकतो. तांदळाच्या डब्यात न डोकावता रोज किती भात शिजवला यावरून महिन्याचा हिशेब लावण्यासारखे ते आहे.

म्हणून पाण्यात उतरून जिवंत मासे मोजणारी माणसे लागतात, आणि अशी माणसे जगात आहेत. त्यांच्यात शास्त्रज्ञ थोडे आणि हौशी फार. कोणी शिक्षक, कोणी बँकेत कारकून, कोणी निवृत्त, कोणी कॉलेजात शिकणारा. पगार नाहीच, उलट टाकीचे भाडे आणि बोटीचा खर्च बहुतेक वेळा पदरचा.

पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली मोकळेपणी श्वास घेण्याचे साधन १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी तयार केले. १९५४ मध्ये व्हर्नन ब्रॉक या संशोधकाने हवाई बेटांजवळ पाण्याखाली पोहत मासे मोजण्याची पद्धत मांडली. पण शास्त्रज्ञ असे किती असणार आणि वर्षातून किती वेळा उतरणार? १९९० साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात पॉल ह्यूमन आणि नेड डेलोच यांनी ‘रीफ’ नावाची संस्था काढली. दोघेही माशांच्या ओळखीची पुस्तके करणारे. अमेरिकेत १९०० सालापासून नाताळच्या दिवसांत हौशी लोक पक्षी मोजतात. मग हौशी पाणबुड्यांनी मासे का मोजू नयेत, एवढाच त्यांचा विचार होता. १९९३ पासून त्यांची मोजणी सुरू झाली ती अजून चालू आहे.

पद्धत शाळेतल्या मुलाला समजेल अशी आहे. पाणबुड्याच्या हातात प्लास्टिकची पाटी आणि साधी पेन्सिल. (पेन्सिल पाण्याखाली लिहिते, पेन लिहीत नाही. मुलांना हे सांगितले की ती लगेच बादलीत प्रयोग करून बघतात.) तो खडकांमधून सावकाश फिरतो आणि ओळखता आलेल्या प्रत्येक जातीपुढे चारपैकी एक खूण करतो: एकच दिसला, २ ते १० दिसले, ११ ते १०० दिसले, किंवा शंभराहून जास्त. नेमके ८७ की ९३ यात कोणी डोके घालत नाही. ओळख पटली नाही तर नोंद करायची नाही, अंदाजाने नाव ठोकायचे नाही. एका माणसाची एक नोंद कच्चीच असते, पण त्याच जागी शेकडो माणसे वर्षानुवर्षे उतरत राहिली की कोणती जात वाढते आहे आणि कोणती दिसेनाशी झाली, हे उघड होते.

दुसरी पद्धत ‘रीफ चेक’ची, १९९७ सालापासूनची. त्यात प्रवाळाच्या खडकावर शंभर मीटरची टेप अंथरतात, त्यावर वीस-वीस मीटरचे चार तुकडे धरतात आणि टेपच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटरच्या आत जे येईल तेवढेच मोजतात. सगळे मासे नाही, काही निवडक. हेकरूसारख्या मोठ्या माशाची लांबी ३० सेंटीमीटरच्या वर असेल तरच नोंद. कारण मासेमारी वाढली की सर्वांत आधी मोठे हेकरू नाहीसे होतात. कोळंबी-शेवंडाच्या जातीचे जीव माशांच्या यादीत नाहीत, त्यांची यादी वेगळी.

इथे आपल्या घरातला जुना वाद आठवल्याशिवाय राहत नाही. कोळंबी मासा आहे की नाही? कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, त्यांच्याकडे समुद्रातल्या खाण्याचा दायरा मोठा. हनफी फिकहमध्ये पाण्यातल्या जीवांपैकी मासाच तेवढा हलाल, आणि कोळंबी त्यात धरायची की नाही यावर उलेमांत मतभेद. कर्जतसारख्या ठिकाणी दोन्ही मसलकांची घरे एका आळीत, आणि सोयरिकीही एकमेकांत. त्यामुळे एकाच दस्तरखानवर कोळंबीचे कालवण एकाच्या पुढे आणि दुसऱ्याच्या पुढून बाजूला, असे सगळ्यांनी पाहिलेले आहे. मसला उलेमांनी सांगावा. प्राणिशास्त्राचे म्हणाल तर कोळंबीला पाठीचा कणा नाही, पाय मात्र दहा, आणि नाते खेकड्याशी. आपली मराठीही या बाबतीत फसवी आहे. देवमासा मासा नाही, तारामासाही नाही. वाम मात्र सापासारखी दिसूनही पक्की मासा आहे.

आता वळू एका गोष्टीकडे, जिच्यासाठी आम्ही हा विषय घेतला.

कॅरिबियन समुद्रात केमन नावाची लहान बेटे आहेत. तिथे नासाऊ ग्रूपर नावाचा मासा मिळतो, म्हणजे आपल्या हेकरू-गोबऱ्याचा भाऊबंद. हा मासा वर्षभर एकेकटा खडकात राहतो आणि हिवाळ्यातल्या पौर्णिमेच्या सुमारास आजूबाजूचे सगळे मासे ठरलेल्या एका जागी जमून अंडी घालतात. जागा पिढ्यान् पिढ्या तीच. तो कॅलेंडर बघत नाही, पण चांद त्याला बरोबर कळतो. रमजान-ईदचा चांद शोधणाऱ्या आपल्याला याचे नवल वाटायला नको. २००१ मध्ये लिटल केमन या बेटाच्या टोकाला असा सुमारे सात हजार माशांचा जमाव कोळ्यांना सापडला. एरवी दिवसभर फिरून दोनचार मासे मिळायचे, इथे तर हजारो एका जागी. दोन हंगामांत सुमारे चार हजार मासे निघाले. पोटात अंडी घेऊन आलेले.

बेटांवरच्या इतर ठिकाणचे असे जमाव आधीच संपले होते. २००३ मध्ये केमन सरकारने अंडी घालण्याच्या जागांवर आठ वर्षे मासेमारी बंद केली. त्याच सुमारास सरकारचा पर्यावरण विभाग, विद्यापीठातले लोक आणि रीफचे स्वयंसेवक पाणबुडे दर हिवाळ्यात पौर्णिमेला तिथे उतरू लागले. आठ वर्षे संपत आली तेव्हा सरकारसमोर प्रश्न होता, बंदी उठवायची की ठेवायची? ‘वाटते’ म्हणून चालणार नव्हते. पाणबुड्यांकडे आकडा होता: मासे अजून थोडेच आहेत, थांबा. बंदी वाढवली. २००९ च्या सुमारास त्या जागी बाराशेच्या आसपास मासे होते, २०१८ मध्ये सात हजारांच्या वर गेले. २०२० मध्ये हा सगळा हिशेब अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आला.

हजारो मासे घोळक्याने फिरत असताना ते मोजले कसे? आम्ही वर्गात हे राजम्याने करून दाखवतो. पिशवीत राजमा आहे, किती ते माहीत नाही. ४० दाणे काढून त्यांवर शाईची खूण करायची, परत टाकायचे, पिशवी चांगली हलवायची. मग ५० दाणे काढायचे. त्यात खुणेचे ५ निघाले, तर पन्नासात पाच म्हणजे दहात एक. खुणेचे एकूण दाणे ४०, म्हणून पिशवीत अंदाजे ४०० दाणे. मुले मग सगळी पिशवी ओतून खरेच मोजतात आणि ३८० किंवा ४१५ निघाले की भांडतात. केमनच्या पाणबुड्यांनी हेच केले. काही माशांच्या पाठीला रंगीत खुणा लावल्या आणि घोळक्यात शंभरामागे किती खुणेचे दिसतात ते पाण्याखाली पाहिले. जोडीला व्हिडिओ. त्रैराशिक येणाऱ्या कोणालाही हा हिशेब समजतो, आणि कोळ्यांना तर सर्वांत आधी समजतो.

आखातात काम केलेल्या आपल्या भावांना याच कुळातला मासा चांगला माहीत आहे. दुबई, कुवेत, बहारीन इथे हामूर म्हणतात तो हाच. शुक्रवारच्या जेवणात हामूर म्हणजे मान. अबू धाबीच्या सरकारी पाहण्यांत त्याचा साठा फार खाली गेल्याचे दिसले आहे. या माशाची एक गंमत अशी की तो आधी मादी असतो आणि वय वाढल्यावर नर होतो. म्हणजे ‘मोठा बघून द्या’ म्हणत सगळे मोठे उचलले की नरच उरत नाहीत. अमिरातीत शेरी आणि साफी या दोन माशांवर त्यांच्या अंडी घालण्याच्या काळात मार्च-एप्रिलमध्ये बंदी असते. ज्या बहारीन-कुवेतच्या लोकांचे आजे-पणजे नाकाला चिमटा लावून, कमरेला दोरी बांधून मोत्यांसाठी बुड्या मारत होते, त्यांच्या नातवंडांनी आज पाण्याखालच्या खडकांवर अडकलेली फाटकी जाळी काढण्याचे काम हाती घेतले आहे. कुवेतचे स्वयंसेवक पाणबुड्यांचे पथक यासाठी नावाजलेले आहे.

केमनच्या गोष्टीतला पौर्णिमेचा जमाव आणि आपली वलगण, यात फरक किती?

उल्हास, पेज, पाताळगंगा यांच्या काठी राहणाऱ्यांना वलगण समजावून सांगायला नको. पण मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी सांगतो. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला, ओढे भरले, भातखाचरांतले पाणी नदीला मिळू लागले की नदीतला मासा त्या पाण्याच्या उलट वर चढतो. अंडी घालायला त्याला नवे, उथळ, गवताळ पाणी लागते. घाटावर आणि तळकोकणात याला चढणीचे मासे म्हणतात. त्या एकदोन रात्री सगळा गाव बॅटऱ्या घेऊन ओढ्यात असतो. पाग, टोपल्या, कोयते, मच्छरदाणीचे कापड, जे हाती लागेल ते. मळे, शिवडे, वाम, मरळ, शिंगटी, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या पोटात गाभोळी. ठाकूर, कातकरी, आगरी, मराठे आणि आपली मंडळी, सगळे त्या चिखलात एकत्र. आम्हांला ही रात्र आवडते, ती बंद व्हावी असे आम्ही म्हणणार नाही. कातकऱ्याच्या घरात पावसाळ्याच्या तोंडाला दुसरे काही नसते तेव्हा वलगण हे अन्न आहे. पण आता गाड्या घेऊन मजेखातर येणारे वाढले. बॅटरीचा करंट सोडणारे, डोहात पावडर टाकणारे वाढले. खाचरे बुजून त्यांच्यावर बंगले आणि फार्महाऊस उठले, ओढ्यांना सिमेंटच्या भिंती आल्या. चढायला वाट उरली नाही आणि जो चढला तो पातेल्यात गेला. जुनी माणसे सांगतात, आता पूर्वीसारखी वलगण लागत नाही. ते खोटे बोलत नाहीत. पण त्यांच्या बोलण्याला आधार देणारी एकही वही कोणाकडे नाही.

नद्यांचा हा भाग समुद्राशी जोडलेलाच आहे. खोपोलीच्या वीजघरात १९१५ पासून लोणावळ्याच्या तलावांचे पाणी कोसळते, ते पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीला जाते. उल्हासचे पाणी नेरळ, बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीला. वर वळवणला टाटांच्या हॅचरीत महसीर माशाची पिल्ले तयार करून सोडण्याचे काम पन्नासेक वर्षे चालले आहे. म्हणजे आपल्या डोक्यावर घाटात मासा वाचवण्याचे काम होते आणि आपल्या पायाशी गाभोळीचा मासा कोयत्याखाली जातो.

आता आपल्या किनाऱ्याचे. महाराष्ट्रात पाण्याखाली उतरून मासे बघायचे तर मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा टापू १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. आमचे मत विचाराल तर तिथे सुरुवातच चुकली. वर्षानुवर्षे त्या पाण्यावर जगणाऱ्या गाबीत आणि इतर मच्छीमारांना विश्वासात न घेता नकाशावर रेघ ओढली गेली. लोकांनी विरोध केला तो माशांशी वैर म्हणून नाही, उद्या आपली होडी कोण अडवील या धास्तीने. पुढे २०११ नंतर संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने सिंधुदुर्गात जो प्रकल्प झाला त्यात वेगळी वाट धरली. जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला चौकोनी आस लावण्याचा प्रयोग झाला, म्हणजे लहान पिल्ले निसटून जातील. गावातल्या पोरांना स्कूबा शिकवले. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था उभी राहिली. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. मालवणच्या पाण्यात प्रवाळाचे तुकडे लावून वाढवण्याचे प्रयोगही त्यांनी केले.

स्कूबा शिकलेला कोळ्याचा पोरगा आणि मुंबईहून आलेला पर्यटक यांच्यात मोठा फरक. पर्यटकाला गाईड हाताला धरून खाली नेतो, फोटो काढतो, वर आणतो. काही ठिकाणी मासे जवळ यावेत म्हणून बिस्किटे-पावाचा चुरा टाकतात. पट्टेदार मासे गोळा होतात, पर्यटक खूष. पण बिस्किटाला सोकावलेल्या माशांची मोजणी म्हणजे लंगरच्या वेळी दर्ग्यात किती माणसे राहतात ते मोजण्यासारखे. मोजणाऱ्याला शांत राहावे लागते, तळाला हात-पाय न लावता तरंगत राहावे लागते, मिनिटामिनिटाला हवा किती उरली ते बघावे लागते. रोज उतरणारा स्थानिक मुलगा हे सहज करतो. शिवाय एखाद्या खडकातला हेकरू गेल्या मोसमात होता आणि यंदा नाही, हे त्याला पाटीशिवाय माहीत असते. त्याच्या हातात पाटी देणे एवढेच काम उरते.

ज्यांना पोहता येत नाही त्यांचे काय? मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नावाने काही मंडळी ओहोटीच्या वेळी खडकांत फिरतात आणि दिसेल त्या जिवाचा फोटो काढून नोंदवतात. टाकी नाही, बोट नाही, पायात जुने बूट. आपल्यापैकी कोण हाजी अलीला गेला नाही? भरतीला पाणी वाटेच्या दोन्ही बाजूंना येते आणि ओहोटीला काळे खडक उघडे पडतात. त्या खडकांच्या डबक्यांत जिवंत प्रवाळ आहेत हे आपल्याला ठाऊक नव्हते. प्रवाळ म्हणजे लक्षद्वीपला असतात, वाळकेश्वर-वरळीला कुठले! पण आहेत, आणि कायद्याने त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. किनारी रस्त्याच्या कामात २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीकडच्या प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून कुलाब्याच्या नेव्हीनगरकडे हलवाव्या लागल्या. हलवणे हा उपाय पुरेसा होता का, यावर मतभेद आहेत. पण ज्याची कुठे नोंदच नाही, ते हलवण्याचा तरी प्रश्न कोणी कशाला काढला असता?

लक्षद्वीपचे नाव निघालेच आहे. २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ६४ हजारांवर आणि त्यात शंभरात ९६ मुसलमान. तिथले मच्छीमार कुप्पा-टूना मासा जाळ्याने नाही, काठी आणि गळाने एकेक करून पकडतात. त्यासाठी लागणारे बारीक आमिषाचे मासे प्रवाळाच्या आतल्या शांत पाण्यातून मिळतात. प्रवाळ मेले तर आमिष नाही, आमिष नाही तर टूना नाही. समुद्र तापून १९९८, २०१० आणि २०१६ साली तिथले प्रवाळ पांढरे पडले, २०२४ मध्ये पुन्हा. ‘दक्षिण फाउंडेशन’ या संस्थेने तिथल्या मच्छीमारांना वह्या दिल्या. आज किती पकडले, आमिष कुठून आणले, डिझेल किती लागले, हे ते स्वतः लिहितात. दुसऱ्याने मोजलेल्या आकड्यावर कोळी सहज विश्वास ठेवत नाही. तो आपल्या हाताने लिहिलेल्या वहीला मानतो.

विश्वासाचीच आणखी एक गोष्ट, झांझिबारजवळच्या पेम्बाची. तिथे मिसाली नावाच्या बेटाभोवती मच्छीमार सुरुंग लावून मासे मारत. एक स्फोट, मग अर्धमेले मासे वर, आणि खाली प्रवाळाचा चुरा. सरकारी बंदीला कोणी जुमानत नव्हते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस फझलून खालिद यांच्या संस्थेने तिथल्या इमाम-शिक्षकांबरोबर बसून कुराणच्या आधारे समुद्राची जिम्मेदारी म्हणजे काय हे समजावले. त्यानंतर अनेकांनी सुरुंग सोडले. यात नवीन असे काही सांगितले गेले नाही. सूरह नहलमध्ये समुद्रातून ताजे मांस मिळण्याचा उल्लेख नेमतींच्या यादीत येतो, हे त्या मच्छीमारांना आधीही माहीत होते. हज करून आलेल्या प्रत्येकाला हरमच्या हद्दीत शिकार नाही, झाड तोडणे नाही, हा नियम पाठ असतो. काही जागा आणि काही वेळा शिकारीपासून मोकळ्या ठेवायच्या, ही कल्पना आपल्याला परकी नाही. आम्ही मात्र ती ओढ्याच्या काठी आठवत नाही.

आपल्या मुलांना उद्या पाणबुडे करा असे आमचे म्हणणे नाही. स्कूबा शिकायला हजारो रुपये लागतात आणि आपल्या निम्म्या मुलांना तर साधे पोहताही येत नाही. नदीकाठचे गाव आणि पोहता न येणारी पोरे, हे आम्हांला दर पावसाळ्यात धडकी भरवते. मुलींसाठी तर पडद्याची सोय असलेला पोहण्याचा वर्ग जवळपास कुठेच नाही. हे वेगळे दुखणे आहे, त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल. पण मोजायला पाण्यात जावेच लागते असे नाही.

२०२३ साली महाराष्ट्र सरकारने दोन गोष्टी केल्या. रुपेरी पापलेटला राज्याचा मासा जाहीर केले, आणि ५४ जातींच्या समुद्री माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी १५ सेंटीमीटरची असते, म्हणजे पट्टीला दीड सेंटीमीटर कमी. बाजारात जाताना ती पट्टी पिशवीत टाका. पापलेट त्याहून लहान असेल तर घेऊ नका आणि मासेवालीला का घेत नाही ते सांगा. रागाने नाही, ती बिचारी धक्क्यावर मिळेल तेच आणते.

आणि वलगणीची वही. शाळेतल्या मुलांकडून आम्ही गेले दोन पावसाळे ती भरून घेत आहोत. तारीख, ओढ्याचे नाव, कोणता मासा दिसला, गाभोळी होती का, पाणी गढूळ की स्वच्छ, आणि गेल्या वर्षी याच जागी काय होते ते आजोबांना विचारून. पकडलेला मासा लिहायचा तसाच नुसता पाहिलेलाही लिहायचा. अडचण एकच आली. एकाच माशाला तीन गावची मुले तीन नावे सांगतात, घरात उर्दू बोलणारी चौथे, आणि ठाकूरवाडीतला मुलगा पाचवे सांगून सगळ्यांना चूक ठरवतो. तो बहुतेक वेळा बरोबर असतो. एकदा शिवड्यावरून एवढे भांडण झाले की शेवटी मासा बरणीत घालून वर्गात आणावा लागला.

तेव्हा वाचकांना विनंती. तुमच्या गावात, मग ते कर्जत-खालापूरचे असो की महाड-म्हसळ्याचे, नदी-ओढ्यातल्या माशांना काय म्हणतात ती नावे लिहून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. माशाचे वर्णन दोन ओळींत द्या: खवले आहेत की नाहीत, मिशा आहेत का, केवढा होतो, कोणत्या महिन्यात दिसतो. घरातल्या बुजुर्गांना आधी विचारा, विशेषतः दादी-नानींना, कारण मासा साफ त्यांनी केलेला असतो. पत्रे मेअखेरपर्यंत पोहोचली तर पावसाआधीच्या अंकात यादी छापता येईल.